एकाच आफ्रिकेत

माहेर माझं धूलकोटचं, दिलं मले दापोऱ्यात. घरची केळीची बाग, सासरा नव्हता, सासू आन तिचे दोन पोरं. थोरले आमचे हे, धाकले राजू भाऊजी. हे ठिबकच्या नळ्या बसवायच्या कामावर नैरोबीले गेले, मंग वरसाभरात भाऊजी बी कोनाच्या तरी दुकानावर लागले, लागोसले, आफ्रिकेच्या पार दुसऱ्या बाजूले. सासूबाई गावभर सांगे, माझे दोन्ही पोरं आफ्रिकेत हायेत, एकमेकाले धरून हायेत.

काय सांगू तुमाले, तठीच सगळी गडबड झाली. कोनी नैरोबीले जानारा भेटला का सासूबाई त्याच्याजवळ केळीच्या वेफरची थैली दे, आन फोनवर यांले म्हने, अर्धे राजूले नेऊन दे रे. हे म्हनत, हो आई. पुढच्या फोनात विचारे, दिले का, हे म्हनत, दिले ना, खाल्ले त्यानं. आता दिले कुठले, सगळे हेच खात, पन म्हातारीचं मन कशाले मोडा म्हनून बोलत. मी हासे. मले वाटे, आपला नवरा मनाचा चांगला हाय.

मंग भाऊजी गेले. गाडीनं उडवलं, जागच्या जागी. सासूबाईनं माझ्या हातातला फोन हिसकला आन यांले म्हने, जा, भावाले खांदा दे. हे रडत सांगत व्हते, आई, पावनेचार हजार किलोमीटर हाय, नुसते विमानातच पाच तास, आपल्याले बऱ्हानपूरहून नाशिकले रेल्वेत लागतात तेवढे, आन त्या देशाची परवानगी लागते, ती हातात येईपर्यंत त्याले कोन ठेवन. सासूबाई म्हने, वेफर द्यायले जात व्हता, आन खांद्यालेच लांब झालं का रे? तिकडं परक्या लोकांनी भाऊजीले जाळलं.

शेवटी यांनी खरं सांगून टाकलं, आई, मी खोटं बोलत व्हतो, एक बी थैली त्याले पोचली नाही. तर म्हने, मतलब भावाच्या तोंडचं बी तूच खाल्लं. माझ्या दारात पाय ठेवशील तर माझं मढं पाहशील. मी मोबाइलवर नकाशा दाखवला, तिनं त्याच्यावर बोट ठेवलं, म्हने, हे पाह्य, बोटाखाली दोन्ही गावं झाकली.

तवापासून हे आलेच नाहीत. आईचं मढं पाहायची यांची हिंमत नाही, आन मले तिकडं बोलवायची ऐपत नाही. माझी उमर गेली फोनवर.

आता सासूबाई खाटेवर हाय, कमरेचं हाड मोडलं. हागनं-मुतनं सगळं मीच करते, दुसरं हाय कोन? दुपारच्याले हाका मारते, बाई, पानी दे वं. मी इकडं भाकरी थापत असते, मधात एक भिंत. मी म्हनते, येते आई, पाच तास लागतीन. पानी देते मी, नाही असं नाही, पन भाकऱ्या झाल्यावर.

लोकं म्हनतात, सुटली पायजे बिचारी. मी म्हनते, नाही, देव तिले शंभर वरसं देवो.