काकांच्या भुकेचं टेंपरेचर

यार, आज देशपांडे काका असायला हवे होते. आठवतंय, तेव्हा मी फ्रीमाँटला त्यांच्या शेजारी राहायचो? केमोमुळे त्यांना अन्न नकोसं झालं होतं. डॉक्टरांनी भूक लागावी म्हणून गांजा सुचवला; कॅलिफोर्नियात तो औषध म्हणून चालायचा. मी व्हेपोरायझर आणला, म्हणजे गांजा न जाळता तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र, पण टेंपरेचर किती ठेवायचं कोणाला ठाऊक! कमी ठेवलं, तर नुसती गरम हवा आली. खूप वाढवलं, तर काका खोकून बेजार. शेवटी तीनशे साठ फॅरनहाइटला जमलं. थोड्या वेळाने काका काकूंना म्हणाले, "पिठलं करतेस का गं?"

कित्येक दिवसांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. काकू डोळे पुसत मला म्हणाल्या, "अजून दहा डिग्री वाढव रे, भाकरीपण मागतील."