दोन कोटी अंकांची संख्या

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते. दुकानदाराने त्यांचा जुना कॉम्प्युटर उघडला.

“काका, किती तापलाय हा! दिवसभर काय चालवता यावर?”

“एक संख्या तपासतोय. दोन कोटी अंकांची. मूळ संख्या आहे का, ते बघायचंय.”

“मूळ म्हणजे?”

“एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही.”

“म्हणजे कुणाशीच पटत नाही म्हणा की!”

“अगदी तुझ्या काकूसारखी. तिनेच लावून दिली होती. गणिताची मास्तरीण ना! मूळ निघाली तर जगभर नाव होईल म्हणायची.”

“मग लागला निकाल?”

“लागला. ती गेल्यावर दोन महिन्यांनी. मूळ नाही, भाग जातो.”

“कितीने?”

“ते नाही सांगत हे यंत्र. नुसतं जातो म्हणतं.”

“मग आता कोणती तपासताय?”

“तीच. पुन्हा पहिल्यापासून.”

“उत्तर माहीत असून?”

“तीन महिने चालते.”

“बरं. पंखा फार खडखडतोय, नवा बसवतो. आवाज अजिबात येणार नाही.”

“नको रे बाबा. आवाज घालवू नकोस. घरात तेवढाच आहे.”