माहेरच्या मोहाची रास्ना

—तर मी नवस बोलले होते, शिवगंगा, अन् कसला? ऐक तर. पिशवी राहू दे मांडीवर, मी काय ओढून घेऊन राहिले? शेजारची सून एकटीच थांब्यावर दिसली, म्हणून टेकले. नवऱ्याला सांगितलंस? न्हाई? बरं. शिवमूर्ती आहेच तसा, बोलत न्हाई कुणाशी. मी बी तुझ्यासारखीच हिमायतनगरकडची. लग्न झालं अन् लगेच बहात्तरचा दुष्काळ—विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचं, दोर ओढून हाताला फोड. तुझ्या बी आलेत? दाखव. हाव, तसलेच!

माहेराहून मोहाच्या झाडावरची रास्ना आणली होती मी. तुला काय सांगायचं, तुमच्या रानात फांदीफांदीला असती—हवेत मुळ्या सोडून, मातीला शिवत न्हाई, झाडाचं बी काही खात न्हाई. इथं चिंधीनं आंब्याला बांधली, तर सासूबाई हसल्या—आंदणात बांडगूळ आणलं म्हणे! हिचा मुलूख तिकडं रानात, ह्या उघड्या माळावर कशी जगंल? मला तेच पाहिजे होतं. महादेवापुढं बोलले—हिला पाणी मी घालणार न्हाई, कौल तुझा; जगली तर नांदीन, वाळली तर त्याच दिवशी माहेरी. ट्रंक भरून ठेवली होती, हसतीस काय!

उन्हाळा सरत आला तरी हिरवीच. लई राग आला बघ देवाचा. मग एका पहाटे उठले, तर हे आंब्याखाली—आपल्या वाटणीच्या पाण्यात पंच्याचं टोक भिजवून एकेक मुळी पुसून राहिलेत, लेकराचं तोंड पुसावं तशी. नवस ह्यांनी ऐकला होता! मी मागच्या मागं फिरले, ट्रंकेतली लुगडी परत दांडीवर टाकली. आता लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, गाड्यांच्या पाट्या बदलल्या—तरी ह्यांना वाटतं, मला ठाऊक न्हाई. बोलू नको हं कुठं! नवस मोडला म्हणतीस? कसा मोडंल? पाणी मी कुठं घातलं? महादेवानं कुणाचा हात धरावा, ते त्याचं त्यानं बघावं. फुलली का? दरसाल फुलती, जांभळ्या जिभेची फुलं येत्यात.

आली बघ नांदेड गाडी. जा, चार दिवस आईच्या हातचं खा. येताना एक कांडं आण मोहावरचं, तुमच्या लिंबाला बांधू. पाणी मातर तू घालू नको. अन् माझ्यासारखाच नवस बोल महादेवापुढं—पण मनात नको, शिवमूर्तीला ऐकू जाईल असा, मोठ्यानं. ऊठ, ऊठ, कंडक्टर थांबायचा न्हाई.