सहीची रेघ

कारकून: सत्त्याण्णव साल उजाडलं, मोठ्या बाई. बाकीच्या शाळांत न वाजणारे प्रिंटर आले. आपला खटारा अजून करवतीसारखा किरकिरतोय.

बाई: किरकिरू दे. मुख्याध्यापिका मी आहे, कान मलाही आहेत.

कारकून: हा दाखला परत आलाय. तुमची सही थेट मुलाच्या नावावर बसलीय. कालही तेच. बोलणी मी खातो.

बाई: घाईत झाली असेल. नवा छापा.

कारकून: छापतो. तेवढंच करतोय हल्ली. नवं यंत्र घेऊ म्हटलं की तुम्ही अडून बसता. सकाळी मेकॅनिक येऊन गेला.

बाई: मग? काय म्हणाला?

कारकून: आतल्या मुंडक्यात नऊ सुया असतात, एकीखाली एक. मुंडकं सरकतं, हवी ती सुई पुढे येऊन रिबनवर ठोका देते, कागदावर टिंब उठतं. टिंबाला टिंब लागून अक्षर. त्यातली सगळ्यात खालची मोडलीय.

बाई: अक्षरं तर येतायत.

कारकून: अक्षरं येतायत. सहीखालची रेघ येत नाही. ती त्या एकाच सुईची होती.

बाई: असेल.

कारकून: असेल काय, बाई? पूर्वी एक उकार चुकला तर अख्ख्या ऑफिसला ऐकवायचात तुम्ही. अख्खी रेघ गायब, आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. सहीआधी कागद चाचपता, मला वाटायचं सवय आहे.

बाई: दार लोटा आधी.

कारकून: लोटलं.

बाई: डोळ्यांना कडेचं दिसतं अजून. मधलं गेलं. सुईचा ठोका कागदात रुततो, रेघ बोटाला लागते. नव्या यंत्राची शाई नुसती वर बसते. संस्थेला कळलं तर उद्याच घरी बसवतील.

कारकून: मला तरी सांगायचं.

बाई: तुम्ही कीव केली असती.

कारकून: कीव कसली? दाखले दोनदा छापायचे वाचले असते. थांबा जरा.

(प्रिंटर किरकिरतो, थांबतो.)

कारकून: रेघेच्या जागी छोट्या आडव्या खुणांची ओळ टाकलीय. त्या मधल्या सुईने उठतात, ती धड आहे. लावा बोट.

बाई: मधे मधे फटी आहेत.

कारकून: असू द्यात. करा सही, त्या मुलाची आई बाहेर उभी आहे.