पाण्यात न धरणारा चिमटा

हॅलो? … कोण, प्रेरणा? … बोल गं. न्हाई, कामात न्हाई, शेंगा फोडत बसलीया.

… रडतीस का? … कोण, पीएचडीचं सर? … हो, हो… अगं ऐक ना, हळू सांग. आजीला एकदम येवढं पेलत न्हाई.

बरं. तुमी कॉम्प्युटरमधी रेणूचा चिमटा केला. हिरीच्या पाण्यात उतरलेला खताचा नायट्रेट धरायचा… व्हय, कळलं की. शेजारच्या भामाबाईला तेच सांगितलं म्या. आमची प्रेरणा कॉम्प्युटरात पाणी भरती, परवा उतू गेलं, खालच्या मजल्यावरची म्हस वाहून गेली. … अगं, म्हस मजल्यावर कशी, ते तिनंबी इचारलं. म्हणलं, लिफ्टनं गेली.

मग, धरला का चिमट्यानं? … त्या दुसऱ्या द्रवात धरला. पाण्याचा टिपूस नसतो त्यात, बरं. अन पाण्यात? … सुटला? … हां, पाण्याचे रेणू त्याला गराडा घालून बसत्यात. म्हंजी नवरीला मावश्या-आत्यांनी घेरलंय, नवऱ्याचा हात पोचंल कुठून. … हसलीस, बरं झालं.

सर काय म्हंत्यात मग? … उद्या मोठ्या सभेत त्या द्रवातलं पयलंच चित्र दाखव? पाण्यातलं झाक? … अन वर लिवायचं काय? … 'गावोगावच्या विहिरी शुद्ध होणार'. आगं बया. मग त्यांना म्हणावं, आमच्या गावच्या, भोंगवलीच्या हिरीतलं पाणी आधी उपसा, तुमचा द्रव भरा, मग सोडा चिमटा.

… न्हाई गं, थट्टा न्हाई. … व्हय, पीएचडीच्या कागदावर सही त्यांचीच लागती. न्हाई केली तर इतकी वर्सं पाण्यात, ठाऊक हाय मला.

… मी? मारते की थापा. पण माझी म्हशीची थाप भामाबाई हसून सोडून देती. तुझ्या सरांची हीर ती खरी धरंल, अन घागर भरून नातवाला पाजंल.

… काय? मोठ्यानं बोल. …

आं? दोन्ही चित्रं पाठवली पण? सभेवाल्यांना? … कवा? … सकाळीच? मग मगापासनं मला कशाला इचारतीस गं, बोलून बोलून घसा सुकला माझा.

… काय टुंईटुंई वाजतंय मधी? … सरांचा फोन. … दुसऱ्यांदा? … अन तू माझ्याशी म्हशीच्या गप्पा मारत बसलीस व्हय.

उचल. … मी बोलत ऱ्हायले म्हणून ते थांबायचे न्हाईत. … भ्या वाटतंय, वाटू दे. आवाज कापला तर कापू दे. … न्हाई, मी लायनीवर न्हाई ऱ्हाणार.

… आजी-आजी करू नगंस.

… मीच ठेवते.