मी ओळखलेला राखाडी सूट

सगळे ज्याला मास्तर म्हणतात तो मी, वय ६१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार दुकानामागची खोली. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

मी चाळीस वर्षे पुरुषांचे सूट शिवतो. माप घेण्याआधी सूट कशासाठी हवा, ते विचारतो. लग्नाचा असेल तर छातीत सैल ठेवतो, कारण दिवसभर लोक मिठ्या मारतात. कोर्टाचा असेल तर खिसे उथळ करतो, म्हणजे माणूस हात बाहेर ठेवतो. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, असा माझा समज होता.

मागच्या मंगळवारी दुपारी हवालदारांनी मला शवागारात नेले. बसथांब्यावर कोसळून मेलेल्या एका तरुणाच्या कोटात माझ्या दुकानाची पट्टी होती, दुसरा काही पुरावा नव्हता. राखाडी सूट मी पाहताक्षणी ओळखला. तो बँकेतल्या धाकट्या साहेबांना बढतीच्या समारंभासाठी शिवून दिला होता. साहेब एकटेच राहतात आणि त्यांचा फोन बंद होता. मी छातीठोकपणे त्यांचे नाव सांगून सही केली. बाह्या बोटभर लांब दिसल्या, तेव्हा आपली कात्री चुकलीच कशी, याचा मला राग आला. गुरुवारी पोलिसांनीच अंत्यविधी केला.

काल सकाळी साहेब दुकानात आले. ते परगावाहून परतले होते व त्यांना नवा सूट हवा होता. जुना त्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीसाठी दिला होता. पोरगा सूट घेऊन गेला तो गेलाच, असे ते हसत म्हणाले.

त्या बाईंनी मुलगा हरवल्याची तक्रार बुधवारी याच ठाण्यात दिली होती. मृताला मी आधीच नाव दिले असल्याने कोणी जुळवून पाहिले नाही.

काल दुपारी मी बाईंकडे जाऊन सगळे सांगितले. मला वाटले, त्या अंगावर धावून येतील. त्या एवढेच म्हणाल्या, "मास्तर, मला नाही दिसला तो. तुम्ही तरी पाहिलंत. चेहरा शांत होता का हो त्याचा?"

मी हो म्हणालो. ते खोटे आहे. मी कॉलर पाहिली, खांदे पाहिले, बाह्या पाहिल्या. चेहऱ्याकडे मी पाहिलेच नाही. आज सकाळपासून दुकानात टांगलेल्या प्रत्येक कोटाच्या कॉलरच्या वर तो चेहरा शोधतो आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच उतरला आहे. बाईंना मात्र तो वाचून दाखवू नये, ही विनंती.