कपाटात भाजलेली चाकं

…आणि रंग कुठला, तर पोपटी. आता तुम्हीच सांगा, गाडी माझी राखाडी, मी स्वतः राखाडी, दोघांचेही सांधे वाजतात, आणि आमच्या पायात काय, तर पोपटी चाकं? पण मी काही बोललो नाही. तुम्हाला सांगतो, घरात मी बोलतच नाही, म्हणून तर इथे तुमच्यासमोर उभा राहिलोय. तिथलं साठलेलं इथे सांडतंय, तेवढं सांभाळून घ्या.

झालं काय, आमचे जावईबापू. नोकरी गेली, पोरीला घेऊन आमच्याकडे राहायला आले, आणि आले ते खिडकीपाशी बसले. बसले म्हणजे बसलेच. भिंतीकडे बघायचे, ताटाकडे बघायचे, आपण बघितलं की जमिनीकडे बघायचे. आणि एक दिवस मोबाईलमध्ये त्यांना एक माणूस दिसला, गाडीच्या चाकांना पावडर कोटिंग करणारा. म्हणजे ओला रंग नाही, रंगाची पूड. ती बंदुकीने चाकावर फवारायची आणि चाक भट्टीत भाजायचं, की पूड वितळून अशी बसते की दगड लागला तरी निघत नाही. याची दुकानं असतात हो! चाकं द्यायची, घरी यायचं, चहा प्यायचा, चाकं आणायची. पण तो मोबाईलमधला म्हणतो, एकदम सोपं आहे, घरीच करा. आता सोपं आहे म्हणणाऱ्या माणसाच्या शर्टावर कधी डाग पाहिलाय तुम्ही? जावईबापू म्हणाले, "बाबा, तुमच्या गाडीपासून सुरुवात करू." मी तोंड उघडलं, तेवढ्यात पोरीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, काही बोलू नका. आज कितीतरी दिवसांनी ह्यांनी स्वतःहून वाढून घेतलं."

संपलं. मी काही बोललो नाही.

गाडी विटांवर चढली. चाकं घेऊन टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, आजोबा, गाडी विकलीत की काय? म्हटलं, नाही, चाकं भाजायची आहेत. त्याने टायर काढले, चाकं हातात दिली आणि फार प्रेमाने विचारलं, घरी तुमच्याकडे लक्ष द्यायला कुणी आहे ना?

मग भट्टी. भट्टी कुठली, तर आमच्या हिचा बिस्किटांचा ओव्हन. जावईबापूंनी तो टेप लावून नीट मोजला होता, फक्त बाहेरून मोजला होता. चाक आत जाईना. आडवं करून झालं, तिरकं करून झालं, दार काढून झालं, दोघं मिळून असे रेटतोय, जणू अरुंद जिन्यात पलंग अडकलाय… आणि आमची ही मागे उभी. म्हणाली, "अहो, थोडं तेल लावून बघा." बोलली माझ्याशी, लागलं मात्र तिकडे. जावईबापूंचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, गेले, पुन्हा खिडकीपाशी गेले. पोरगी आईकडे बघतेय, आई ओव्हनकडे बघतेय. काय मनात आलं तिच्या कोण जाणे, आत गेली, आणि लग्नातलं लोखंडी कपाट होतं ना, त्यातले सगळे कपडे पलंगावर काढून ठेवले. म्हणाली, "कपाट घ्या. ओव्हनची कॉईल काढून त्यात बसवा. पण किल्ली माझ्याकडेच राहील." म्हणजे बघा, एका चाकापायी ओव्हन गेला, कपाट गेलं, आणि अजून रंगाचा ठिपका नाही! मी काही बोललो नाही.

कपाट अंगणातल्या शेडमध्ये नेलं, त्यात कॉईल बसवली. आता पूड मारायची. त्या बंदुकीला एक वायर असते, वायरीला चिमटा, आणि तो चिमटा चाकाला लावायचा, म्हणजे वीज पुडीला चाकाकडे ओढते. चाक टांगलं होतं नायलॉनच्या दोरीला, छान लोंबत होतं. मी दोरी धरून उभा, शेड नुकतीच धुतलेली, पायात चप्पल नाही. आणि चिमटा? चिमटा जावईबापूंच्या खिशात. "बाबा, अजिबात हलू नका हं," म्हणाले आणि बंदूक सुरू केली. आता पुडीला काय कळतंय हो, तिला ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलेलं जे मिळेल ते तिचं चाक! आली ती सरळ माझ्याकडे. भुवया, कान, बनियन, मिशी… हे समोर ओरडतायत, बसतेय का, बाबा, नीट बसतेय का? बसतेय की, चांगली बसतेय! पण सांगणार कसं, तोंड उघडलं तर दातही पोपटी. धुरळा खाली बसला, बघतो तर चाक कोरं आणि सासरा तयार, फक्त भाजायचा बाकी.

आणि जावईबापू हसले. आधी घाबरले, मग तोंडावर हात ठेवला, मग खालीच बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पोरगी आतून धावत आली. माझ्याकडे बघितलंच नाही तिने, त्यांच्याकडेच बघत राहिली, आणि मग पदराने… नाही, पदर कसला, हातातल्या फडक्यानेच डोळे पुसले. मला कुणी फडकं दिलं नाही. असो. मी काही बोललो नाही.

चिमटा लावला, चाकं रंगवली, हिने किल्लीने कपाट उघडलं, चाक आत टांगलं, पुन्हा कुलूप. चाक काय पळून जाणार होतं? जरा वेळाने वास यायला लागला. वास रंगाचा नाही, ओळखीचा. हिने सगळे कपडे काढले होते, पण कोपऱ्यातल्या डांबराच्या गोळ्या तशाच! साऱ्या गल्लीत घरोघरी ट्रंका उघडल्यासारखा वास. शेजारीण विचारून गेली, बाहेरगावी निघालात का?

चाकं निघाली. खरखरीत, संत्र्याच्या सालीसारखी, एकावर कपाटाच्या हुकाचा ठसा. सगळे गोल करून उभे. आणि जावईबापू कुणाला विचारतात, तर मला. "बाबा, तुम्ही खोटं बोलत नाही. खरं सांगा, कसं झालंय?"

पोरगी माझ्याकडे बघतेय. ही बघतेय. मी त्या ठशाकडे बघतोय. आणि इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा बोललो. म्हटलं, "दुकानात याहून बरं होत नाही. तुम्ही हा धंदाच का नाही सुरू करत?"

हिने कपाळावर हात मारला. म्हणाली, "जन्मभर गप्प बसलात, आणि बोललात ते हे!"

आता शेडवर पाटी आहे. जावईबापू खिडकीपाशी बसत नाहीत, चांगले दोन घास जास्त जेवतात, आणि काम, खोटं कशाला बोलू, सुधारलंय. हिचे कपडे अजून पलंगावर आहेत, आम्ही त्यांच्या कडेने झोपतो. आणि मी रोज शेडमध्ये चिमटा धरून उभा असतो. मनात फार येतं हो काहीतरी बोलावं… पण आता तोंडावर मास्क असतो.